डाग कशाचा आहे

डॉक्टरांनी तसं काही वावगं विचारलं नव्हतं. रिपोर्टचा कागद बाजूला सारला, चष्मा कपाळावर चढवला आणि चहा घेणार का अशा सुरात म्हणाले, "तुमचं माहेर किनाऱ्याकडचं का हो?" आणि तिनं पापणीही न लववता सांगून टाकलं, "छे हो! आम्ही इथलेच. पिढ्यान्‌पिढ्या." त्या पिढ्यान्‌पिढ्यांची खरं तर काही गरज नव्हती. खोटं बोलणारा माणूस ताटात नेहमी मापाबाहेर वाढतो. दुकानात गिऱ्हाइकं तिला हे रोज करून दाखवत. डॉक्टर हसले. "तरीच. बोलण्यावरून तुम्ही तिकडच्या वाटतच नाही." आणि तिथं, त्या स्पिरिटच्या वासाच्या खोलीत, मानेत सुपारीएवढ्या गाठी घेऊन बसलेली असताना, तिला बरं वाटलं. शाळेत कुणी पाठ थोपटावी तसं बरं वाटलं. पुढे दिवसभर तिला छळलं ते या बरं वाटण्यानं. खोट्याची तर तिला सवयच होती.

"त्याचं काय आहे," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या रक्तातल्या काही पेशी फुलासारख्या दिसताहेत. पाकळ्या फुटल्यासारख्या. अशा पेशी एका रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसतात, पण तो आपल्या शहरात औषधालाही सापडत नाही. किनाऱ्याकडे मात्र आहे. तिकडे एक विषाणू घराघरांत मुक्कामाला आहे. आईच्या अंगावरच्या दुधातून मुलांकडे जातो. बहुतेकांना काही म्हणजे काही होत नाही, जन्म काढतात त्याच्यासोबत. शंभरातल्या चार-पाच जणांवर मात्र उतारवयात उलटतो. इथं आणि तिथं केवढा फरक बघा, आणि मधे अंतर किती, तर बसनं चार तासांचं." त्यांना त्या फरकाचं मनापासून नवल वाटत होतं. तिच्या गाठींपेक्षाही जास्त. "तिकडच्या असतात तर आधी तीच तपासणी पाठवली असती. ती बाहेरगावी जाते, वेळ खाते. तुमचं आधी बाकीचं बघू. दोन-तीन आठवडे जातील." ती म्हणाली, "दुधातून म्हणजे... किती दिवस पाजलं तर?" "पहिल्या काही महिन्यांत धोका त्या मानानं कमी. जितकं लांबवाल तितका जास्त. पण तुम्हाला कशाला ती काळजी?" "नाही, आपलं सहज," ती म्हणाली, आणि पर्स उचलून उठली.

जिना अर्धा उतरून ती परत वर गेली, हे तिच्या नावावर जमा करायला हवं. डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलीही. पण बाहेर बसणाऱ्या मुलीनं विचारलं, "काही राहिलं का?" आणि तिच्या तोंडून आलं, "छत्री." तिनं छत्री आणलीच नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं. ती मुलगी बिचारी खुर्चीखाली वाकली, एक म्हातारे पेशंट काठी टेकत उठले आणि बाकामागे डोकावले, कुणीतरी विचारलं, "काळी का?" "निळी," ती म्हणाली, आणि आपली निळी छत्री तिघांबरोबर शोधू लागली. शेवटी त्या मुलीनं एका कागदावर तिचा नंबर घेतला, सापडली तर कळवते म्हणून. ती आभार मानून खाली आली. रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती, आणि आपल्या कपाळावर काहीतरी लिहिलंय आणि ते वाचायला कुणाला वेळ नाही, असं तिला वाटत राहिलं.

दुकानाचं कुलूप कामगारांनी केव्हाच काढलं होतं. ड्रायक्लीनिंगचं दुकान, सासऱ्यांनी उभारलेलं, नवऱ्यानं वाढवलेलं, आणि नवरा गेल्यापासून तिनं एकटीनं ओढलेलं. गल्ल्यावर कुणीही बसे, पण आतलं डागांचं टेबल तिचं. पांढऱ्या फरशीचं, वरून दिवा, उजव्या हाताला वाफेची नळी, डाव्या हाताला बाटल्या. गिऱ्हाइकानं कपडा पसरला की तिचा एकच प्रश्न: डाग कशाचा आहे? आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेलं वाक्य: खरं सांगा, मला लाज वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. कारण रक्ताचा डाग थंड पाण्यानं सुटतो आणि गरम वाफ लागली की शिजतो, धाग्यात मुरतो, मग देवाला सांगा. तेलाचं औषध वेगळं, शाईचं वेगळं. आणि सगळ्यात लबाड डाग साखरेचा. सरबत सांडलं, वाळलं, दिसेनासं झालं; माणूस म्हणतो काहीच नाही, आणि इस्त्री फिरली की तिथं तपकिरी नकाशा उमटतो. तिनं आजवर किती जणांना ऐकवलं असेल: अहो, डाग वाईट नसतो, खोटी माहिती वाईट असते. आज तेच. शाळेतले एक मास्तर फिकट रंगाचा कोट घेऊन आले. बाहीवर पिंगट ठिपके. "चहा," मास्तर म्हणाले. "बिनदुधाचा. स्टाफरूममध्ये सांडला." पिढ्यान्‌पिढ्या, असं तिच्या मनात आलं. तिनं थंड पाण्याचा एक थेंब टाकून पांढरं फडकं दाबलं. फडक्यावर तांबूस उमटलं. "मास्तर, हे रक्त आहे." मास्तर गोरेमोरे झाले. नाकातून येतं म्हणाले अधूनमधून, बायकोला सांगितलेलं नाही. एरवी तिनं चांगलं झापलं असतं. वाफ मारली असती तर कोट गेला असता, असं म्हणाली असती. आज तिनं नुसतं फडकं धुतलं. "दाखवा हो कुणाला तरी," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

इस्त्रीवर एक जुना गडी होता, सगळे त्याला वाफारा म्हणत. त्यानं विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर, ताई?" "काही नाही, अशक्तपणा," ती म्हणाली. अशक्तपणा. हेही एक खोटं वाढून झालं. तिनं मास्तरांचा कोट टेबलावर पसरला, थंड पाणी, चिमूटभर मीठ, बोटानं गोल गोल. मीठ बोटाला लागलं आणि ज्या दाराला तिनं इतकी वर्षं पाठ लावून ठेवली होती ते दार काही फार जोर न लावताच उघडलं. तिच्या माहेरी मिठागराच्या कडेला पत्र्याची शेड होती. बायका अनवाणी मीठ ओढायच्या, टाचांच्या भेगांत मीठ जायचं, आणि तान्ही पोरं त्या उन्हात न्यायची सोय नव्हती. म्हणून बायकांनी आपसांत वार वाटून घेतले होते. ज्या दिवशी जिचा वार, तिनं शेडमध्ये थांबायचं आणि सगळ्यांची पोरं पाजायची. तिला सोमवारची आई होती, गुरुवारची आई होती, आणि उरलेल्या दिवसांत, संध्याकाळी, मिठाच्या वासाची स्वतःची आई होती. त्या वस्तीत पोराला विचारलं, तू कुणाचा रे, तर पोरगं आधी वार सांगायचं. भांडण झालं की बायका म्हणायच्या, माझं दूध प्यालीस आणि माझ्यावरच डोळे वटारतेस? सगळी वस्ती एकमेकांची दूधभावंडं होती. एखाद्या मुलाला कमी पडलं असं त्या शेडमध्ये कधी झालं नाही. आणि उतारवयाला कुणाकुणाच्या मानेत गाठी यायच्या, अंगावर लाल चट्टे उठायचे, आणि पुढचं मीठ निघायच्या आत माणूस जायचं. खारं वारं बाधलं, म्हणायचे. सोमवारची आई तशीच गेली. तिला हे सगळं ठाऊक होतं. डॉक्टर बोलत होते तेव्हा तिला त्यातलं काहीही नवीन नव्हतं, एका दुधाच्या गोष्टीखेरीज.

शहरात ती सोळाव्या वर्षी आली, मावशीच्या हाताखाली, याच दुकानात कपडे पिळायला. मावशीनं पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला: कुणी विचारलं तर इथलीच सांग. शहरात किनाऱ्याकडच्यांना खारे म्हणत. खाऱ्यांना भाड्यानं खोली देऊ नये, गाद्या खारतात. खाऱ्यांच्या घरी मीठ विकत आणत नाहीत, हात धुतलेलं पाणीच आमटीत घालतात. हा दुसरा विनोद लेकीच्या साखरपुड्याला विहीणबाईंनी सांगितला होता, अगदी निर्मळ मनानं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली होती ती. नवऱ्याला मात्र लग्नाआधीच माहीत होतं. तो म्हणाला होता, असू दे, झाकली मूठ सव्वा लाखाची. चांगला होता माणूस. मूठ त्यानं झाकली, पण ती उघडायला कधी मदतही केली नाही, आणि तिनं कधी मागितली नाही.

आई गेल्याचा निरोप आला तेव्हा लेक शाळेत होती. तिनं कामगारांना सांगितलं, लांबच्या नात्यात लग्न आहे, उद्या येते. चांगली साडी नेसून गेली, कारण लग्नाला जाणारी बाई रोजच्या कपड्यात कशी जाईल? आईच्या मानेतल्या गाठी मेल्यावरही तशाच होत्या. गुरुवारची आई तेवढी उरली होती, तिनं हिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "भूक लागली असेल तुला, चार घास खाऊन घे." ती जेवली नाही. शेवटची बस गाठायची होती. आणि शहरात उतरल्यावर स्टँडबाहेरच्या दुकानात तिनं मिठाई घेतली, कारण लग्नाहून रिकाम्या हातानं आलेली बाई कुणी पाहिली आहे? दुसऱ्या दिवशी तिनं ती सगळ्यांना वाटली. वाफाऱ्यानं दोन उचलल्या, "नवरा-नवरी सुखात राहोत" म्हणाला. नवऱ्यानं खोक्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजायला लागला. तिनं स्वतःही तोंडात घातली एक, सगळ्यांसमोर. ती गिळेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता! आता टेबलावर वाकून रक्त काढताना त्या अभिमानाची तिला इतकी लाज वाटली की तिनं दिवाच मालवला. वाफाऱ्याला वाटलं बल्ब गेला. तो स्टूल घेऊन आला.

पण लाजेचं एक असतं, ती आपल्यापुरती असेल तर माणूस तिच्यावर बसून जन्म काढू शकतो. तिनं काढलाच होता. गाठी तिच्या, रक्त तिचं, दोन-तीन आठवडे गेले तर तिचे गेले. झाकलेल्या मुठीची किंमत म्हणून तिनं तेही मोजले असते. दुपारी जेवणाच्या डब्याचं झाकण उघडता उघडता तिचा हात थांबला तो वेगळ्याच गोष्टीनं. लेकीला दोन महिन्यांची मुलगी होती. आणि लेक तिला अंगावर पाजत होती. आणि बाळंतपणात, विहीणबाईंच्या समोर, हीच बाई छाती पुढे काढून म्हणाली होती, "डब्याचं दूधबिध काही नको हं. मी हिला तीन वर्षं पाजलंय. म्हणून बघा कशी ठणठणीत आहे!" तीन वर्षं. जितकं लांबवाल तितका जास्त, डॉक्टर म्हणाले होते. तिनं डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी ती लेकीकडे गेली. जावई कामावर होता. विहीणबाई गादीच्या कडेला बसून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या, आणि लेक भिंतीला टेकून, पदराखाली नातीला घेऊन बसली होती. छोट्या घोटांचा आवाज येत होता. घोट, मग एक उसासा, मग पुन्हा घोट. वाटेत तिनं वाक्य पाठ केलं होतं. साधं होतं. मी किनाऱ्याकडची आहे, माझी आई या दुखण्यानं गेली, तुझीही तपासणी करायला हवी. दारात चपला काढेपर्यंत ते जसंच्या तसं होतं. मग विहीणबाई म्हणाल्या, "या, या! बघा आजी आली," आणि ते वाक्य कुठं गेलं कोण जाणे. त्याच्या जागी दुसरंच आलं, आणि इतक्या सफाईनं आलं की ते आपल्याच तोंडून निघतंय हे तिला ऐकून कळलं. "काय गं, सुकलीय ही," ती म्हणाली. "तुझं दूध काही पुरत नाही तिला. डबा सुरू कर."

लेकीनं मान वर केली. "पुरत नाही?"

"दिसतंय की. तुझ्या दुधात काही दमच नाही. आजपासूनच सुरू कर डबा. मी आणून देते."

"अहो, असं काय बोलता?" विहीणबाईंच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "परवाच वजन केलं. चांगलं बाळसं धरलंय पोरीनं. आणि हिला दूध इतकं येतं की कपडे भिजतात. बाळंतिणीला असं म्हणू नये हो."

लेकीनं पोरीकडे पाहिलं, मग पदराखाली स्वतःकडे पाहिलं, तपासल्यासारखं, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. तो लाल तिच्या आईच्या फार ओळखीचा होता. सोळाव्या वर्षी पिळायच्या हौदावर कुणीतरी म्हणालं होतं, हिच्या अंगाला वास येतो का गं, तेव्हा तो तिच्या गळ्यापासून कानापर्यंत असाच चढला होता. लेकीनं पोरीला अंगावरून दूर केलं. पोर किंचाळली. "मग आधी का नाही सांगितलंस?" लेक म्हणाली, आणि रडायला लागली. "मी रोज विचारते तुला फोनवर, सगळं बरोबर करतेय ना मी?"

आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं. स्वतःचा डाग काढायचं धैर्य झालं नाही, म्हणून तो उचलून तिनं लेकीच्या कपड्यावर पुसला होता. इतकी घाण तिला उभ्या जन्मात स्वतःची वाटली नव्हती. हौदावर नाही, स्टँडवर मिठाई घेताना नाही. ती खाली बसली, जमिनीवरच.

"तुझ्या दुधाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "खोटं बोलले. दोष असेल तर माझ्या दुधात होता. मी किनाऱ्याकडची आहे. खारी आहे मी. माझी आई मिठागरावर होती. तिच्या मानेत अशाच गाठी होत्या, त्यातच गेली ती. डॉक्टरांनी सकाळी मला सरळ विचारलं, किनाऱ्याकडच्या का, आणि मी नाही म्हणाले. तिकडचा एक विषाणू आहे, दुधातून जातो. माझ्या आईकडून मला आला असेल. माझ्याकडून तुला. मी तुला तीन वर्षं पाजलंय गं."

पोर रडून रडून लेकीच्या खांद्यावर पेंगायला लागली होती. विहीणबाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. बहुतेक त्यांना तो आमटीचा विनोद आठवला असावा, कारण त्या एकदम खाली बघायला लागल्या. पण बाई खमकी. आधी त्यांनीच स्वतःला सावरलं. "ते मागचं मागे ठेवा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना फोन लावा आधी. आमच्यासमोर लावा."

तिनं लावला. डॉक्टर दवाखाना बंद करून निघाले होते. "मी सकाळी खोटं बोलले," ती म्हणाली. "मी तिकडचीच. आईला हेच झालं होतं. आणि माझी मुलगी अंगावर पाजतेय." डॉक्टर रागावले नाहीत, याचंच तिला वाईट वाटलं. उद्या सकाळी दोघी या, म्हणाले. मुलीला असेलच असं नाही. असला तरी दोनच महिने झालेत, हे बरं आहे. पण रिपोर्ट येईपर्यंत बाळाला डब्याचं दूध द्या. आणि तुमचं आता आम्ही वेगळ्या वाटेनं बघू, लवकर बघू. "आणि हो," ते म्हणाले, "छत्री काही सापडली नाही."

तिनं फोन ठेवला. मग लेकीनं विचारलं, "कधी गेली तुझी आई?"

"तू चौथीत होतीस."

"म्हणजे मी चौथीत जाईपर्यंत मला आजी होती." लेकीनं ते स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग तिच्या कपाळावर आठी आली. "चौथीत तू एका लग्नाला गेली होतीस. मिठाई आणली होतीस. पिवळ्या खोक्यात."

तिनं मान हलवली.

"मी चार खाल्ल्या होत्या," लेक म्हणाली. "अजून हवी म्हणून हट्ट केला होता, तर तू खोक्यातली उरलेली सगळी मला दिलीस. मी खोकं जपून ठेवलं होतं. रंगाच्या कांड्या ठेवायची त्यात." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "किती लांब आहे ते?"

"सकाळची बस धरली तर दुपारच्या जेवणाला पोचतो."

"मग आपण जेवायला कधीच का नाही गेलो?"

इतकी वर्षं कुठल्याही प्रश्नाला मापाबाहेर वाढणारी ती, आणि आता ताटात घालायला दाणा नव्हता. तिनं जमिनीवर टेकलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडेला मास्तरांच्या कोटाचं मीठ पांढरं वाळलं होतं.

पोर जागी झाली. भूक अर्धीच भागली होती. आधी तिनं नुसतं तोंड हलवलं, मग तोंडानं आईचा खांदा चाचपला, मग टाहो फोडला. लेकीचा हात सवयीनं गुंड्यांकडे गेला. पहिली गुंडी निघालीसुद्धा. मग हात तिथंच थांबला. कपड्यावर दोन ओले गोल उमटले होते आणि मोठे होत होते. तिनं गुंडी परत लावली. वर पाहिलं. आपल्या आईकडे नाही, सासूकडे.

"आई," ती सासूला म्हणाली, "हिला काय देऊ आता?"

विहीणबाई पाणी उकळायला उठल्या. जाता जाता त्यांनी पर्स उचलून जमिनीवर बसलेल्या हिच्या हातात दिली. "समोरच्या औषधाच्या दुकानात डबा मिळेल," त्या म्हणाल्या. "जा. पळा." आणि ती चपला न घालताच जिना उतरली.